जिन्याखालचा शब्द

घरून, ता. आर्वी
२ मार्च २०२५

ती. मामाजींस,
मुकेशचा सा. न. वि. वि.

माझं सगळं बदललं ते अकरा फेब्रुवारीला, मंगळवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, कॉलेजच्या जिन्याखाली. आधीच सांगून टाकतो, कारण आईनं तुम्हाला पोस्टकार्डात काय काय कळवलं असेल याचा मला अंदाज आहे. मुकेश कॉलेजात जात नाही, दिवसभर खाटेवर पडून असतो, जेवायला हाक मारली तर अंगावर येतो. ते सगळं खरं आहे. कारण मात्र तिला माहीत नाही, बाबांनाही नाही. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही हे यावेळी बरंच झालं. ही गोष्ट मला बोलून सांगता आली नसती.

जागृतीबद्दल मी दिवाळीत लिहिलं होतं. वर्ध्याची, वडील बाबारावजी रेल्वेत आहेत, ती बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला आणि मी दुसऱ्या. लायब्ररीत बसून मला इंग्रजी शिकवायची. तुम्ही तेव्हा उलट टपाली चिडवलं होतं की, एकतीस वर्षं मास्तरकी करून मला जे जमलं नाही ते एका पोरीनं दोन महिन्यांत केलं, आमच्या भाच्याला इंग्रजीचं पुस्तक उघडायला लावलं. ते खरंच होतं. पुस्तक उघडायचो, वाचायचो कमी.

जानेवारीत कॉलेजचं एनएसएसचं शिबिर नेमकं आमच्याच गावात आलं. सात दिवस. बाबा संध्याकाळी नाल्याच्या काठावर उभे राहून दोन्ही तळवे तोंडाशी धरतात आणि गाईंना गाईच्याच आवाजात बोलावतात, हे तुम्ही किती वेळा पाहिलं आहे. पलीकडून आपल्या गवळाऊ गाई ओ देतात आणि शेपट्या उचलून येतात. बाकीची पोरं हसली. ही हसली नाही. रोज संध्याकाळी तिथं येऊन उभी राहिली आणि शेवटच्या दिवशी बाबांना म्हणाली की, काका, मी तुमच्यावर लिहिणार आहे.

लिहिलं. जिन्याखाली आमचं भित्तिपत्रक असतं, तिथं इंग्रजीत लावलं. वर मोठ्या अक्षरात मथळा, ‘रूपरावजी लोज’. खाली पुन्हा बाबांचं नाव, आणि त्याला लागून पुन्हा लो. भोवती पोरं उभी होती, एक जण बाबांचं नाव वाचून दात काढत होता. लो म्हणजे काय ते तुम्हीच शिकवलं होतं. हाय म्हणजे उंच, लो म्हणजे खालचा, हलका. शब्दाच्या शेवटी एस होता. मला वाटलं, व्याकरण चुकलं पण अपमान बरोबर केला. पुढं मी वाचलंच नाही. ती तिथंच उभी होती, तिला दोन शब्द सुनावले. तिनं कागदाच्या चार टाचण्या एकेक करून काढल्या, कागद माझ्या हातात दिला आणि टाचण्या मुठीत घेऊन निघून गेली.

तेव्हापासून मी गेलो नाही आणि जाणारही नाही. बाबांना तुम्ही लिहा की पोराला शिकायचं नाही तर जबरदस्ती करू नका. तुमचा शब्द ते मोडत नाहीत. तिचा राग येतो आणि तिची आठवणही येते. दोन्ही एकदम कसं येतं हे तुमच्या एखाद्या पुस्तकात असेल तर कळवा.

मामीजींना नमस्कार. रागीट आहे म्हणून लोभ आखडू नका.

तुमचा
मुकेश


पुलगाव
७ मार्च २०२५

चि. मुकेश यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा खुर्चीवरून उठलो. मामी विचारती झाली की काय झालं, तिचे ओठ मला वाचता येतात. मी पाटीवर लिहून दिलं की, माझा एकतीस वर्षांचा पगार परत करावा लागणार.

गाढवा, एस तुला दिसला होता. दिसूनही तू थांबला नाहीस. विशेषणाला एस लागत नाही, कुणाचाच बाप ‘लोज’ असू शकत नाही. एस लागतो क्रियापदाला. ती तुझा बाप कसा आहे ते सांगतच नव्हती, तो काय करतो ते सांगत होती. लो म्हणजे हंबरणे.

आता पाचवीत घोकलेलं आठव. घोडा खिंकाळतो, म्हैस रेकते, गाय हंबरते. त्या हंबरण्याला इंग्रजीत हा जुना शब्द आहे. आता साहेब तो फारसा बोलत नाही, जुन्या कवितांत आणि प्रार्थनांत राहिला आहे. शहरातल्या पोरांच्या गाईला मू एवढंच येतं, आणि वर्गात मीही तेवढंच शिकवलं. हाय आणि लो मी फळ्यावर समोरासमोर लिहिले, तुझ्या पाठीत धपाटा घालून पाठ करून घेतले आणि दुसरा लो सांगितला नाही. त्यामुळे ही चूक निम्मी माझ्या नावावर मांड.

आपल्याकडे नाव म्हणजे होडी आणि नाव म्हणजे अब्रू. अक्षरं तीच, घराणी वेगळी. ‘नाव बुडालं’ असं कुठं वाचून तू गळा काढत नदीवर धावशील, तसं झालं आहे तुझं. काल मी माळ्यावरचा जाडा कोश काढला. खालचा या अर्थाचा लो इंग्रजीत आला उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांच्या बोलीतून. त्याचं नातं आडवं पडण्याशी. तू सध्या खाटेवर जे करतो आहेस ते. हंबरणारा लो मात्र इंग्रजीच्या अगदी जुन्या घरातला. डच भाषेत त्याची सख्खी बहीण अजून नांदते, आणि लॅटिनमधलं हाक मारणं हे क्रियापद त्याचं चुलतभावंड. त्या चुलतभावंडाच्या पोटी क्लेम हा शब्द जन्मला. हो, तोच. तुझा बाप पीकविम्यासाठी ज्याचे फॉर्म भरतो तो क्लेम आणि तो नाल्यावर जे करतो ते लो, हे दोघे एका कुळातले. दोन्हीचा मूळ अर्थ, मोठ्यानं हाक मारणे. विम्यापेक्षा गाई लवकर ऐकतात, एवढाच फरक.

संस्कृतात याला हम्भा म्हणतात. आपण माणूस रडतो तेव्हा हंबरडा म्हणतो. म्हणजे गाईचा शब्द माणसाला द्यायला आपल्याला लाज वाटली नाही, आणि त्या मुलीलाही वाटली नाही. तिनं तुझ्या बापाला कोशातला सगळ्यात जुना शब्द हुडकून दिला.

लोक म्हणतात दारूगोळ्याच्या डेपोजवळ राहून मास्तरचे कान गेले. खरं म्हणजे आठवी ब नं घालवले. पण कान जाण्याआधी मी ऐकलेल्या चांगल्या आवाजांत रूपरावजींची ती हाक आहे. जमलं तर त्यांना सांग.

एकच विचारतो. तू ‘दोन शब्द’ सुनावलेस असं लिहितोस. कोणते? इंग्रजी नसतील, म्हणजे मला कोश लागणार नाही. खरं लिही.

तुझ्या आईला आशीर्वाद. माझं प्रेम आहे तेवढंच आहे, आज थोडं चिडकं आहे.

तुझा मामा


घरून
१२ मार्च २०२५

ती. मामाजींस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र गोठ्यात उभं राहून वाचलं आणि तिथंच खाली बसलो. एक गाय येऊन कागद हुंगू लागली. मला तिचा चेहरा बघवेना.

मग पेटीतून तो कागद काढला. महिनाभर तसाच घडी घालून ठेवला होता. यावेळी पहिल्या ओळीपासून वाचला, अडलेले शब्द वहीत लिहीत. तिनं लिहिलं आहे की, संध्याकाळी गाई हंबरतात आणि रूपरावजी हंबरतात, आणि आधी कोण हाक मारतं ते मला सात दिवसांत ओळखता आलं नाही. मग लिहिलं आहे की, या गावात ही हाक मारता येणारा आता हा एकच माणूस आहे. शेवटी लिहिलं आहे की, मला तीन भाषा येतात, पण माझ्या एकाही भाषेतल्या हाकेला अजून कुणी नाला ओलांडून धावत आलेलं नाही.

मामाजी, मी आलो असतो हो. मी तिथंच होतो, तिच्यापासून चार हातांवर, आणि तिच्या अंगावर धावून गेलो.

आता ते दोन शब्द. तुम्ही विचारल्यापासून पाच वेळा कागद फाडला. मी म्हणालो की, तुम्ही लोक चार बुकं शिकले का माजता. पुढंही थोडं म्हणालो, ते लिहीत नाही. तेवढ्यात सगळं आलं आहे. ‘तुम्ही लोक’. ती कोणत्या वस्तीतली, तिच्या घरी भिंतीवर कुणाचे फोटो, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि खोटं सांगत नाही, दोन वर्षांत ते एकदाही मनात आलं नव्हतं. मग त्या क्षणी तोंडात कुठून आलं? आधी शोधावंही लागलं नाही. दाराशीच उभं असल्यासारखं आलं.

तिथं बावीस जण होते. मोजले नव्हते तेव्हा, आता रोज मोजतो. ती मला किंवा बाबांना खालचं म्हणालीच नव्हती. खालचं जे काही जिन्याखाली बोललं गेलं ते मी बोललो.

आणि इकडे बाबा. दर दोन दिवसांनी विचारतात की, त्या पोरीनं माह्यावर लिवतो म्हनलं होतं, त्याचं काय झालं. मी सांगतो की, लिहून राह्यली, वेळ लागते. परवा आईला म्हणाले की, शिकलेले लोक कामात असतात, इसरली असन. आणि हसले. त्यांनी स्वतःच तिच्या विसरण्याला माफी देऊन टाकली. कागद माझ्या पेटीत.

मी उद्या तिला पत्र टाकतो. फोनवर तिनं मला ब्लॉक केलं आहे, ते योग्यच आहे. शब्दाची सगळी कुळकथा लिहितो, माझी चूक कशी झाली ते लिहितो आणि माफी मागतो. मनात दोन वर्षं जे आहे तेही शेवटी लिहून टाकतो. लपवून काय मिळवलं?

रागावा, पण पत्र थांबवू नका.

मुकेश


वर्धा
१८ मार्च २०२५

मुकेश,
जय भीम.

तुझं नऊ पानी पत्र मिळालं. त्यातली सहा पानं एका क्रियापदावर आहेत. ती मी आवडीनं वाचली, क्लेमचा भाग मला माहीत नव्हता. तुझ्या मामाजींना माझा नमस्कार सांग. मथळ्यात मी लो वापरला कारण मू हा शब्द मला रूपरावकाकांसाठी फार लहान वाटला. कुणाला कळणार नाही हे लक्षात यायला हवं होतं. खाली अर्थ दिला असता तर बरं झालं असतं. तेवढी चूक माझी.

शब्दाचा अर्थ न कळणं, यासाठी तुला माझ्याकडून माफी कधीच होती. मी स्वतः रोज चार शब्द चुकते. पण ‘तुम्ही लोक’ इंग्रजी नव्हतं. त्याचा अर्थ तुला, मला आणि बावीस जणांना न सांगता कळला. त्याबद्दल तुझ्या पत्रात दोन ओळी आहेत, आणि त्याही ‘रागाच्या भरात’ या शब्दांनी सुरू होतात. राग बाबांच्या अपमानाचा होता ना? मग उत्तर बाबांबद्दल यायला हवं होतं.

शिबिराच्या पहिल्या संध्याकाळी तुझ्या बाबांनी मला नाव विचारलं. मी नेहमीसारखी थांबले, आता आडनाव विचारतील म्हणून. गावात गेलं की मी अशी थांबते, ती सवयच आहे. त्यांनी विचारलं नाही. जागृती म्हणजे जागी, असं म्हणून पुढच्या गाईकडे बोट करून सांगितलं की, ही पवनी. झालं. ओळख संपली. तुझ्या आईनं, लीलाकाकूंनी, चहा दिला आणि स्वतः माझ्याच शेजारी टेकून तसल्याच कपातून प्यायल्या. त्या घरातून तू आलास. मग ते दोन शब्द त्या घरातले नाहीत. कुठून आले याची कुळकथा तू शोध. सहा पानं तिच्यावर लिहायची होती.

शेवटच्या पानाचं उत्तर मी देत नाही. ते पान या पत्रात यायला नको होतं. माफी मागताना दुसरा हात पुढे करायचा नसतो.

बावीस जणांसमोर बोललेलं मला एकटीला पाठवलेल्या पाकिटात परत घेता येत नाही. सत्तावीस तारखेला गुरुवारी आमच्या वर्गाचा निरोप समारंभ आहे. भित्तिपत्रकाचा शेवटचा अंक साडेअकराला बदलतील, सगळे जिन्याखाली असतील. नंतर आम्ही पांगणार. तू यावंस असं मी म्हणत नाही. आलास तर माझ्याशी बोलायला येऊ नकोस, त्यांच्याशी बोल. मी तिथं असेन, कारण मला लपायचं काही कारण नाही.

रूपरावकाकांना कागद दाखवलास का? मी त्यांना शब्द दिला होता. ते वाट बघत असतील.

काका-काकूंची मी अजून आहे तशीच,
जागृती


पुलगाव
२३ मार्च २०२५

चि. मुकेश यास,
आशीर्वाद, नेहमीपेक्षा दबक्या आवाजात.

तू तिच्या पत्राची नक्कल पाठवलीस आणि खाली एवढंच लिहिलंस की, मामाजी, कुळकथा सापडत नाही. मला सापडली. कोश उघडावा लागला नाही.

तू दहा वर्षांचा असशील. उन्हाळ्याच्या सुट्टीत इथं आला होतास, ओसरीवर कॅरम चालला होता. त्या वर्षी आमच्या शाळेत मुख्याध्यापकाची जागा विज्ञानाच्या सरांना मिळाली, मला नाही. ते माझ्यापेक्षा आधी लागले होते आणि माझ्यापेक्षा चांगलं शिकवत, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी पोस्टमनच्या समोर मोठ्यानं म्हणालो की, आता काय, त्या लोकांचेच दिवस आहेत. सोंगटी मारता मारता तू वर पाहिलंस. मी पाहिलं की तू पाहिलंस. तरी वाक्य पुरं केलं. ते लोक, तुम्ही लोक, सर्वनाम तेवढं बदलतं. त्या उन्हाळ्यात मी ते किती वेळा म्हणालो असेन कोण जाणे.

लो मी तुला अर्धा शिकवला आणि हे पूर्ण शिकवलं. तुझं पत्र आल्यावर मी एवढा हसलो, व्याकरण काढलं, साहेबाच्या भाषेची वंशावळ काढली. आपल्या घरातली एक ओळीची वंशावळ मात्र त्या मुलीला विचारावी लागली.

याचा अर्थ तुझी सुटका झाली असा घेऊ नकोस. शिकवलं मी, बोललास तू. तिथं जाऊन माझं नाव पुढे करशील तर खबरदार.

ते सर इथंच, स्टेशनपलीकडे राहतात. निवृत्तीनंतर दोघेही बाजारात एकमेकांना टाळतो. मी उद्या त्यांच्याकडे जाणार आहे. ते काय म्हणतील ते मला ऐकू येणार नाही, म्हणून पाटी घेऊन जातो. शिवी दिली तरी ती मला वाचावी लागेल, तेच ठीक.

तू गेलास तर कोश नेऊ नकोस. लो चा खुलासा तिथं करू नकोस, तो केलास की सगळे हसतील आणि तुला सुटल्यासारखं वाटेल. ज्या शब्दाला खुलासा नाही तेवढाच बोल. आणि तिच्याकडे बघून बोलू नकोस, ती काय म्हणते याची वाट बघू नकोस.

भेट होईल तेव्हा पाया पडायचं राहू दे, शेजारी बसू.

तुझा मामा


घरून
२७ मार्च २०२५, सकाळी

ती. मामाजींस,
सा. न. वि. वि.

सात वाजताच्या एसटीनं निघतो आहे, तेवढ्यात हे चार शब्द. आर्वीच्या स्टँडवर पेटीत टाकीन.

काल संध्याकाळी गाई यायच्या आधी बाबांना नाल्याच्या काठावर गाठलं आणि म्हटलं की, कागद आला आहे. ते हात धोतराला पुसून दगडावर बसले, जणू कागद त्यांनाच धरायचा होता. मी मराठी करून वाचला. नाला ओलांडून कुणी धावत आलेलं नाही, ती ओळ दोनदा वाचली. त्यांनी विचारलं की, हंबरते असं लिवलं, खरंच? मी हो म्हटलं. इंग्रजीत हंबरण्याले शब्द हाय काय, असं म्हणून ते इतके खूश झाले की मला वाटलं आज राहू द्यावं. तुमच्या कानांचा निरोपही तेव्हाच दिला. मान खाली घालून ऐकला.

मग कागदाचे चारी कोपरे त्यांनी बोटांनी चाचपले आणि म्हणाले की, याले त भोकं हायेत, हा कुठंतरी लावला होता. मग सांगावंच लागलं. लो चं सांगितलं तेव्हा म्हणाले की, जाऊ दे, मलेई नसतं समजलं. दुसरं सांगितलं. समोरून गाई ओ देत होत्या आणि मामाजी, ते उठले नाहीत. गाई नाल्यापलीकडे उभ्या राहिल्या. पवनी दोनदा हंबरली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले की, आमी त तुले असं नाई शिकवलं. तुमच्या ओसरीचं मी सांगितलं नाही. तुम्ही बजावलं म्हणून नव्हे, ते खरंच माझंच होतं म्हणून.

मी म्हटलं की, उद्या जाऊन सगळ्यांसमोर बोलतो. ते म्हणाले की, मंग दबक्या आवाजात नोको बोलू, मांगच्यालेई आयकू गेलं पायजे. आणि उठून काठावर गेले, तळवे तोंडाशी धरले. काल त्यांचा आवाज पहिल्या झटक्यात लागला नाही. दुसऱ्यांदा लागला. गाई आल्या.

आईला सकाळी सांगितलं. ती रडली नाही, तिनं डब्यात भाकरी बांधली आणि म्हणाली की, त्या पोरीले म्हणजो, कपात चहा ठेवला हाय. मी म्हटलं, मला तिच्याशी बोलायचं नाही आहे, आई. ती म्हणाली की, मंग नोको म्हणू. मी ठेवते.

परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख गेली, पुढच्या वर्षी बघू. जागृतीला मिळवायला जात नाही, हे तुम्हाला लिहून देतो, म्हणजे गाडीत माझं मन फिरलं तर लाज वाटेल. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, सकाळी उठल्यावर विसरलो. एवढंच ठरवलं आहे की ‘रागाच्या भरात’ म्हणायचं नाही. तिचा कागद बरोबर घेतला आहे. खाली पेन्सिलीनं मराठीत अर्थ लिहिला आहे. ती म्हणाली तर पुन्हा लावीन. टाचण्या तिच्याकडे आहेत, तरी चार माझ्याही खिशात आहेत.

सरांकडे काय झालं ते लिहा. पाटी पुसली नसेल तर तशीच ठेवा, मला वाचायची आहे.

गाडीचा हॉर्न फाट्यावर ऐकू आला. लोभ ठेवा असं म्हणायचा हक्क आज नाही, परत आल्यावर म्हणेन. बाबा गोठ्यात आहेत. मी निघतो, दार मीच बाहेरून ओढून घेतो.

मुकेश